पानडब्यातली काच

बाबा,

“समजून नाई राह्यलं तं डब्यात ठेव, बाई. अंदाजानं कोनाच्या तापाचा निकाल लावू नोको.” तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. सूक्ष्मदर्शकापर्यंत डोळा पोचावा म्हणून तुम्ही स्टुलावर दोन जाडी जुनी रजिस्टरं ठेवली होती आणि त्यावर मला बसवलं होतं. दवाखान्याची ती मागची खोली अजून डोळ्यांसमोर आहे. एक खिडकी, खिडकीबाहेर मोहाचं झाड, आत स्पिरिटचा आणि रंगाच्या औषधाचा वास. जंगलातल्या गावांमधून आरोग्यसेवक सायकलवर फिरून तापाच्या माणसांचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन यायचे, आणि तुम्ही त्या पट्ट्या रंगवून, वाळवून, एकेक करून भिंगाखाली पाहायचात. हिवताप आहे की नाही, एवढंच सांगायचं. गावात तुम्हाला कुणी नावानं हाक मारत नसे. तुम्ही सगळ्यांचे ‘काचवाले भाऊ’. तुमची बोटं कायम जांभळी असायची आणि आई तुम्हाला त्या हातांनी भाकरीच्या टोपल्याला शिवू द्यायची नाही.

टेबलावर खाचांच्या दोन लाकडी पेट्या होत्या, सरकारी. एक ‘आहे’ची, एक ‘नाही’ची. तिसरी वस्तू सरकारी नव्हती. तो तुमच्या आईचा पितळी पानडबा होता, आत टीपकागद अंथरलेला. जी काच पाहून तुम्हाला खात्री वाटत नसे, ती त्यात जायची. मग चहा प्यायचा, खिडकीतून लांबवर पाहायचं आणि परत ती काच घ्यायची. पानडबा रिकामा झाल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, हा तुमचा नियम. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब हसायचे, “भाऊ, दोन पेट्या दिल्या ना सरकारनं, हे तिसरं कायले?” तुम्ही म्हणायचात, “सरकारले सगळं समजते साहेब, मले नाई समजत.”

मी आत्ता गोंडपिपरीच्या घरात आहे, स्वयंपाकघरात, आईच्या ओट्याशेजारच्या खुर्चीवर. दुपारचं जेवण झालं आहे. लाखोरीचं वरण होतं, ते अजूनही ती तसंच घट्ट करते. ती आत पडली आहे. गेल्या महिन्यात मला एक पुरस्कार मिळाला, माझ्या क्षेत्रात मोठा समजतात असा. त्याची काचेची ढाल आईनं फ्रिजवर ठेवली आहे आणि धूळ बसू नये म्हणून तिच्यावर रुमाल टाकला आहे, म्हणजे ती कुणालाच दिसत नाही. हा पुरस्कार कशासाठी मिळाला ते तुम्हाला एका वाक्यात सांगता येईल. जगातल्या दुसऱ्या कुणालाही ते सांगायला मला इतकं सोपं गेलं नाही. मी संगणकाला पानडबा वापरायला शिकवलं, बाबा. पण तो पानडबा माझ्या डोक्यात का राहिला, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते सांगायला बसले आहे.

मी अकरा वर्षांची आहे. दिवाळी होऊन गेली आहे, वडशाकडे आईच्या माहेरी मंडई आहे. मंडईला पाळणे येतात, जिलेब्यांच्या कढया लागतात, मामाच्या अंगणात पाहुण्यांच्या खाटा पडतात आणि मग रात्रभर झाडीपट्टीचं नाटक. आई दोन दिवस आधीच गेली आहे. चारची एसटी गाठून आपण दोघांनी जायचं ठरलं आहे. मी सकाळपासून नवा फ्रॉक घालून तुमच्या खोलीत बसले आहे. पण ते तापाचे दिवस, काचा संपत नाहीत. साडेतीन वाजतात. दोन्ही पेट्या भरतात आणि पानडब्यात एक काच उरते. एकच. तेवढ्यात तुम्हाला साहेब बाहेर बोलावतात, जीपमधून औषधांची खोकी उतरवायची असतात. मी स्टुलावर चढते. ती काच भिंगाखाली ठेवते, तेलाचा थेंब टाकते, तुम्ही शिकवलं आहे तसं. आत जांभळट गोल, शेकड्यानं. एका गोलात काहीतरी बारीक आहे. धूळ असेल, मी म्हणते. रंगाचा कण असेल. खरं सांगते बाबा, मला ते समजलं नव्हतं. पण समजलं नाही हे मात्र मला पक्कं समजलं होतं. तरी मी काचेवरचं तेल टिपलं आणि ती ‘नाही’च्या पेटीत शेवटच्या खाचेत सरकवली. पानडबा रिकामा झाला.

तुम्ही हात पुसत आत आला. डब्याकडे पाहिलं. “इथी एक होती ना, बाई?”

“तुम्हीच पाह्यली ना बाबा, जायच्या आधी. साफ होती.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. बाहेर कंडक्टर घंटी मारत होता. तुम्ही रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे ‘नाही’ लिहिलं, सही केली आणि माझं बोट धरून धावत सुटलात. मंडईत मी तुमच्या खांद्यावर बसून पाळणे पाहिले. तुम्ही मला लाल रिबिनी घेऊन दिल्या. त्या वर्षीच्या जिलेबीची चव मला अजून आठवते आणि आठवली की मी पाणी पिते.

पाचव्या दिवशी चार माणसं एका बाईला खाटेवर घालून, खांद्यावरून घेऊन आली. जंगलातलं गाव, पाच कोस आत. तापाच्या पहिल्या गोळ्या तेव्हा सगळ्यांनाच मिळायच्या, पण पुढचं औषध काच सांगेल तसं. तिच्या काचेनं ‘नाही’ सांगितलं होतं, म्हणून पुढचं औषध तिच्यापर्यंत गेलंच नव्हतं. ती डोळे उघडत नव्हती, गोंडीत काहीबाही बडबडत होती. तिचा नवरा खाटेचा पाय धरून उभा होता, जणू खाट सोडली तर ती उडून जाईल. जीपमधून तिला गडचिरोलीला नेलं. जीप गेल्यावर तुम्ही खोलीत आला, रजिस्टरमध्ये नंबर शोधला, ‘नाही’च्या पेटीतली ती काच काढली आणि भिंगाखाली ठेवली. मी खिडकीबाहेर मोहाच्या झाडाखाली उभी होते. तुम्ही डोळा लावला तो कितीतरी वेळ काढलाच नाही.

मग साहेब आले. तुम्ही उभे राहिलात. “माह्याकडून सुटली, साहेब.”

“भाऊ, तुमच्याकडून? इतक्या वर्षात कधी नाई.”

“आजकाल धुसर दिसून राह्यलं.”

“मग चष्मा काऊन नाई लावत? बोलाचं ना आधी.”

“लावतो, साहेब.”

तुम्ही लाल शाईचा पेन घेतला, ‘नाही’वर रेघ मारली, वर ‘आहे’ लिहिलं, शेजारी ‘तपासणीत माझी चूक’ असं लिहून सही केली. मला वाटलं होतं, आता तुम्ही बाहेर याल आणि मला माराल. मी मार खायला तयार होते. तुम्ही खिडकीतून हाक मारली, “ये, बाई.” मला स्टुलावर बसवलं. “पाह्य. काय दिसते?”

“अंगठी,” मी म्हणाले. एका जांभळट गोलात बारीक अंगठी होती, खड्याची, हिवतापाचा जंतू दिसतो तशी. एकदा दिसल्यावर ती धूळ कशी वाटली असेल, तेच कळेना.

“हो. अंगठी,” तुम्ही म्हणालात. बस, एवढंच. काच ‘आहे’च्या पेटीत ठेवली, दिवा बंद केला आणि मला घरी नेऊन भात वाढलात. स्वतः जेवला नाहीत.

पुढच्या आठवड्यात तुम्ही चंद्रपूरला जाऊन काळ्या फ्रेमचा चष्मा आणला. चहाच्या टपरीवर एक आरोग्यसेवक म्हणाला, “घ्या, काचवाल्या भाऊच्या डोळ्यावरच काच आली,” आणि सगळे हसले, तुम्हीही हसलात. आई मात्र हसली नाही. गडचिरोलीच्या मोठ्या प्रयोगशाळेत तुमची नेमणूक जवळजवळ ठरली होती. ती दुसऱ्याला गेली आणि आपली बदली सिरोंच्याकडे झाली, जिथं माझ्या वर्गातली अर्धी मुलं तेलुगू बोलायची. सामान बांधताना आई म्हणत होती, “हजार काचा बरोबर पाह्यल्या ते कोनी नाई पाह्यलं. डोळे आधीच दाखवले असते तं?” तुम्ही दोरीची गाठ मारत होतात. “माह्यंच चुकलं,” म्हणालात. मी भांड्यांच्या पोत्यावर बसून ऐकत होते. आणि बाबा, मला त्या चष्म्याचा केवढा आधार वाटला. मी मनाशी म्हटलं, बाबांचे डोळे खरंच अधू झालेत. म्हणजे ती काच पानडब्यात राहिली असती, तुम्ही ती पुन्हा पाहिली असती, तरी तुमच्याकडूनही सुटलीच असती. हा हिशोब मी पस्तीस वर्षं धरून ठेवला.

ती बाई वाचली. दर रविवारी तुम्ही एसटीनं गडचिरोलीला जात होतात, तिला पाहायला, हे मला नंतर कळलं. आपण निघायच्या आधी उन्हाळ्यात ती चालत आली, पाच कोस. पळसाच्या पानाच्या द्रोणात चारोळी आणली होती, फोडून सोललेली. किती दिवस लागले असतील तेवढं सोलायला. “काचवाले भाऊ, घ्या,” एवढंच तिला मराठीत म्हणता येत होतं. मग माझ्या गालाला हात लावून ती गोंडीत काही बोलली आणि आरोग्यसेवक म्हणाला, “म्हणते, पोरगी भाऊसारखीच दिसते.” मी आत पळाले. संध्याकाळी तुम्ही माझ्या तळहातावर चार दाणे ठेवलेत. “खा. तुह्यासाठी आनलं तिनं.” मी ते तोंडात घातले आणि न्हाणीत जाऊन थुंकले. आजही बासुंदीत चारोळी दिसली की मी वेचून वाटीच्या कडेला लावते. माझा मुलगा म्हणतो, आई, तुझ्या वाटीतलं काम नेहमी मीच का करायचं, आणि ती खाऊन टाकतो.

चंद्रपूरला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्यांदा संगणक पाहिला. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं. सुट्टीत आले तेव्हा तुम्ही सगळं विचारलंत. किती मोठा आहे, वीज किती खातो, कोण शिकवतो. मग म्हणालात, “तो नाई समजलं असं म्हणते का कधी?” मी म्हटलं, नाही बाबा, तो उत्तर देतोच. “मंग तं आपल्या साहेबासारखाच आहे,” तुम्ही म्हणालात आणि आई किती दिवसांनी हसली.

पुढं नागपूर, मग परदेश. संगणकाला चित्रं ओळखायला शिकवायचं काम मी करू लागले. रक्ताच्या काचा मी निवडल्या असं मी मुलाखतीत सांगते, पण त्यांनी मला निवडलं हे जास्त खरं आहे. माझं मशीन काच पाहून ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगायचं, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचं. पण चुकायचं तेव्हाही तितक्याच ठामपणे चुकायचं. मी म्हटलं, याला तिसरं उत्तर हवं. मला कळत नाही, माणसाला दाखवा, असं म्हणता आलं पाहिजे. माझे मार्गदर्शक भले गृहस्थ होते, ते म्हणाले, “कळत नाही म्हणणारं मशीन विकत कोण घेईल?” आणि खरंच, कितीतरी वर्षं कुणी घेतलं नाही. माझे लेख परत येत. बाकीच्यांची मशीनं स्पर्धा जिंकत, कारण स्पर्धेत तिसऱ्या उत्तराला शून्य गुण. मी परीक्षेत कधी नापास झाले नव्हते, ते तिकडे जाऊन झाले. तुम्ही फोनवर विचारायचात, “तुही मशीन नाई समजलं म्हनाले शिकली का?” मी म्हणायचे, शिकून राह्यली बाबा. “हळू शिकव. मानसं तं शिकतच नाई.” ते आपलं शेवटचं बोलणं होतं. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. मी पोचले तोवर तिसरा दिवस झाला होता आणि आई अंगणात बसून तुमचे कपडे घडी करत होती.

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. मशीन शिकलं. दोन वर्षांपूर्वी ते आपल्या भागातल्या दवाखान्यांतही आलं, तेव्हा मी पाहायला गेले होते. तुमच्या जागेवर आता एक तरुण मुलगी बसते. तिला माहीत नव्हतं मी कोण. मी विचारलं, कसं आहे हे मशीन? ती म्हणाली, “चांगलं आहे म्याडम. बाकीच्यासारखा शहानपना नाई करत. नाई समजलं तं मले म्हनते, तू पाह्य.” मी बाहेर आले. मोहाचं झाड तोडून तिथं सायकल स्टँड केला आहे. मी सायकलींच्या मध्ये उभी राहून थोडा वेळ रडले आणि तिथल्या शिपायानं विचारलं, “बाई, रिपोर्ट खराब आला का?”

पुरस्काराच्या दिवशी मला पाच मिनिटं बोलायला दिली होती. मी तुमचं सगळं सांगितलं. जांभळी बोटं, दोन पेट्या, आजीचा पानडबा, साहेबांचं हसणं. ती एक काच सोडून सगळं. म्हटलं, माझ्या वडिलांनी मला ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यात खोटं काही नव्हतं, बाबा. पण मी अकराव्या वर्षी जे केलं होतं तेच पुन्हा केलं, एक काच गुपचूप ‘नाही’च्या पेटीत सरकवली आणि डबा रिकामा करून दाखवला.

आणि परवा हे झालं. आईच्या चष्म्याचा नंबर बदलला आहे. तिनं तुमच्या पेटीतून तो काळ्या फ्रेमचा चष्मा काढून दिला. “त्याह्यच्या फ्रेममधी माह्या काचा बसवून आन. नवी फ्रेम काऊन घ्याची?” मी तो चंद्रपूरला घेऊन गेले. चष्मेवाल्यानं जुना नंबर पाहायला तो यंत्राखाली धरला, फिरवला, परत धरला. म्हणाला, “म्याडम, याले नंबरच नाई. साधी काच आहे.”

मी म्हटलं, पुन्हा बघा.

“दोनदा पाह्यलं. कोनी नाटकात काम करे का तुमच्या घरी? झाडीपट्टीवाले नेत होते असे, मास्तरचा नाई तं वकिलाचा पार्ट असला की.”

हो म्हणाले मी. करायचे.

तुम्हाला सगळं स्वच्छ दिसत होतं. तुम्ही ती काच दुसऱ्यांदा पाहिली असती तर ती अंगठी तुम्हाला दिसलीच असती. आणि दवाखान्याच्या खोलीत एक अकरा वर्षांची मुलगी स्टुलावर बसते का, हे कुणी विचारू नये म्हणून तुम्ही साध्या काचेचा चष्मा नाकावर चढवून माझ्यासाठी नाटक केलंत, खरा चष्मा लागेपर्यंत. सकाळी तो पदरानं पुसायला द्यायचात आईला. आई तो किती जपून पुसायची. माझा इतक्या वर्षांचा आधार चष्मेवाल्याच्या काउंटरवर दोन मिनिटांत गेला, आणि त्याच्या जागी तुम्ही आलात. मला ते पेलवत नाहीये.

आईसाठी मी नवीनच फ्रेम घेतली. जुनी दुकानात मोडली, असं सांगितलं. ती म्हणाली, “मोडनारच. किती जुनी. तेव्हापासूनच तं त्याह्यची नजर गेली होती.” मी वरणाला फोडणी देत होते, मोहरी जळेपर्यंत हात थांबला. आता हे ठाऊक असणारी मी एकटी आहे. मी बोलले नाही, तर आईच्या आठवणीत तुम्ही कायम नजर अधू झालेले राहाल. आणि बोलले, तर तुम्ही इतकी वर्षं सांभाळलेलं मी दुपारच्या चहाबरोबर सांडून टाकीन. तिनं तुमच्यावर जे थोडं रागावून घेतलं होतं, ते सगळं मग तिला स्वतःच्या अंगावर घ्यावं लागेल. या वयात. मला समजत नाही काय करायचं. खरंच समजत नाही.

म्हणून हे कागद घडी करून पानडब्यात ठेवते. तो फडताळात वरच आहे, आई त्यात आता लवंगा ठेवते. चष्माही त्यातच ठेवला आहे, फ्रेम मोडलेली नाही. आईनं कधी लवंगेसाठी झाकण उघडलं तर उघडलं.

माझं एकच मागणं आहे. तुम्ही त्या दिवशी हात पुसत आत आला होतात, डब्याकडे पाहिलं होतं, तसे एकदा या, आणि परत विचारा, “इथी एक होती ना, बाई?” या वेळी मी एसटीकडे पाहणार नाही. पण तुम्ही विचारणार नाही. तेव्हाही एकदाच विचारलंत, आणि मी काय उत्तर देणार ते कळल्यावर आयुष्यभर पुन्हा विचारलं नाहीत.